मालकांची हलकी पर्स

माणसाला वैराग्य कधी येईल याचा नेम नाही. कुणाला स्मशानातून परतताना येतं, कुणाला जावयाशी चार शब्द बोलून झाल्यावर येतं. पर्सच्या कारखान्यातल्या धाकट्या मालकांना ते तीन दिवसांच्या शिबिरात आलं, तेही राहण्याजेवणासकट. सोमवारी सकाळी ते परतले आणि दुपारपर्यंत त्यांनी आपली केबिन रिकामी करून घेतली. दोन कपाटं, तीन खुर्च्या, फायलींचा ढीग, टेबलफॅन, सगळं बाहेर. आत उरलं एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर नवी पाटी: ‘हात मोकळे, मन मोकळं’. भेटायला येणारा आता उभाच राहायचा, त्यामुळे त्याचंही बोलणं आपसूक आटोपशीर व्हायचं.

पण त्याग केला तरी त्यागलेलं सामान कुठंतरी ठेवावं लागतंच. ते सगळं आलं शेजारच्या नमुन्याच्या खोलीत, काकूंच्या अंगावर.

काकू कारखान्यात नमुने शिवायच्या. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी. कोणतीही नवी पर्स आधी त्यांच्या हातून उतरायची. ती पटली की मग पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा आणि त्या फर्म्यावरून बाहेरच्या मशिनींवर शेकड्यांनी माल निघायचा. धाकटे मालक लहान असताना बापाचं बोट धरून यायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बटणं काकूंनी याच टेबलावर लावलेली. आता थोरले मालक देवाघरी गेले होते आणि काकूंना आपल्याच टेबलाशी पोचायला दोन कपाटांमधून आडवं होऊन जावं लागत होतं.

“काकू,” मालक म्हणाले, “वस्तू म्हणजे ओझं. पटतंय?”

“पटतंय की,” काकू म्हणाल्या. “सकाळपासून ढकलतेय.”

“मी शिबिरात तिन्ही दिवस लिहून ठेवलं. मला दिवसभरात लागतात फक्त पाच गोष्टी. फोन, कार्ड, किल्ली, रुमाल आणि पेन. आपली नवी पर्स या पाचांच्या मापाची. रोजची, सगळ्यांना चालेल अशी. आदर्श.”

“आणि चष्मा?”

“चष्मा मी वापरतच नाही फारसा,” मालक म्हणाले आणि हातातला कागद जरा लांब धरून वाचू लागले. मग जवळ धरला. मग म्हणाले, “काकू, तुमचा चष्मा द्या बघू जरा.”

काकूंनी खुर्चीला अडकवलेल्या आपल्या पिशवीत हात घातला. ही पिशवी कारखान्यात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. जाड काळं कॅनव्हास, सात कप्पे, आणि आत काय नाही ते विचारा: दोन चष्मे, पोटाच्या गोळ्या, मलमपट्टी, छत्री, पाण्याची बाटली, चार्जर, सुईदोरा, जपाची माळ, आणि घडी घातलेली आणखी एक पिशवी. चेन लावणारा कारागीर, ज्याला सगळे चेनभाऊ म्हणत, तो म्हणायचा की काकू हरवल्या तरी पिशवी आठ दिवस जगेल.

पर्स शिवायला घेतली. मालक रोज येऊन उभे राहायचे आणि काहीतरी कमी करायचे. आधी आतला कप्पा गेला. मग अस्तर गेलं. बुधवारी चेन गेली, कारण चेन उघडायला एक हात लागतो आणि हात मोकळे हवेत.

चेनभाऊ येऊन काकूंच्या टेबलाला टेकला. “काकू, तुमच्या पर्सचं वैराग्य माझ्या पोटावर आलं हो. उद्या म्हणतील शिवण पण नको, नुसतं चामडं काखेत धरा.”

“त्यांच्या कानावर घालू नकोस,” काकू म्हणाल्या. “करतील.”

गुरुवारी पेनही गेलं, कारण त्याचा फुगवटा दिसत होता. शेवटी जी उतरली ती वीतभर लांब, चार बोटं उंच, दोन बोटं जाड. तलम करडं चामडं, बारीक पट्टा, एक चुंबकाची टिचकी, बस. दिसायला मात्र देखणी. काकूंच्या हातचं काम. वाईट शिवायचं ठरवलं तरी त्यांना जमलं नसतं.

मग मालकांनी खरी गोष्ट सांगितली. पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मोठ्या दुकानांच्या साखळीच्या खरेदीवाल्या बाई येणार होत्या. त्यांना पर्स पसंत पडली तर नमुन्याची खोली चालू राहणार. नाही पडली, तर पुढल्या महिन्यापासून नमुने बाहेरून तयार आणायचे, ही खोली बंद, आणि काकूंनी घरी आराम करायचा. “तुमचंही वय झालं,” मालक म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. टेबलफॅनही त्यांनी असाच प्रेमाने बाहेर काढला होता.

आता या कारखान्याची एक पद्धत होती, थोरल्या मालकांनी घालून दिलेली. नवी पर्स मालात जाण्याआधी सात दिवस चालवायची. जो माप ठरवतो त्यानं ती खांद्याला लावून रोजची सगळी कामं करायची, आणि जिनं शिवली तिनं सोबत राहून बघायचं. एक वही असायची. डाव्या पानावर वापरणाऱ्यानं लिहायचं, उजव्या पानावर शिवणारीनं. खरेदीला येणारे जुने लोक पर्स नंतर बघत, आधी ती वही मागत. वहीत ‘बंद तिसऱ्या दिवशी सुटला’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं, म्हणून तर माल डोळे मिटून उचलला जायचा.

मालकांनी पर्स खांद्याला लावली आणि निघाले. मागून काकू, आपली पिशवी घेऊन.

पहिल्या दिवशी चामड्याच्या व्यापाऱ्याकडे कागद वाचायला चष्मा लागला. काकूंनी दिला. सही करायला पेन लागलं. काकूंनी दिलं. दुपारी फोनची बॅटरी संपली, तेव्हा चार्जर काकूंच्या चौथ्या कप्प्यातून आला. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं होतं, मालक काकूंच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले आणि म्हणाले, “बघा काकू, बाटली नाही तरी माझं काही अडलं का?” तिसऱ्या दिवशी पाऊस. छत्री एकच, ती उंच माणसानं धरावी हे बरं, आणि उंच मालक होते. चौथ्या दिवशी मिळालेली पावती पर्समध्ये मावेना. दुमडली तरी मावेना. मालकांनी ती काकूंच्या हातात ठेवली, मग दुसरी ठेवली, मग व्यापाऱ्यानं दिलेले चामड्याचे तुकडे ठेवले. पाचव्या दिवशी पोटात जळजळलं.

प्रत्येक वेळी मालक संध्याकाळी डाव्या पानावर लिहीत: ‘आजही काही कमी पडलं नाही.’ आणि ते खोटं नव्हतं. काखेत कळसा असतो तेव्हा माणूस गावाला वळसा घालतो म्हणतात. इथं कळसा दुसऱ्याच्या काखेत होता, त्यामुळे वळसाही पडत नव्हता.

उजवं पान मात्र सहा दिवस कोरंच राहिलं.

“काकू, तुम्ही काही लिहिलं नाही,” मालकांनी विचारलं.

“लिहायचंय.”

“‘ठीक’ एवढंच लिहा. शब्दसुद्धा कमीच बरे. टेबल तुमचंच आहे, समजलं ना?”

काकूंना समजलं. संध्याकाळी घरी चहा घेताना त्यांनी काकांना सांगितलं. काका वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, “मग लिही की ठीक. ठीक म्हणजे काय खोटं आहे? डॉक्टरलाही आपण ठीकच सांगतो.”

“डॉक्टर नाडी बघतो. ती बाई वही बघणार.”

“अगं, त्या वहीपायी तू घरी बसशील. आणि मग दिवसभर माझी कपाटं आवरशील.” काकांनी आता वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. “माझाही विचार कर.”

काकू हसल्या, पण आत कुठंतरी ठसठसत राहिलं. टेबल गेलं तर जाईल काय? पगार होता, पण तेवढंच नव्हतं. सकाळी रापीला धार लावून चामड्याचा पहिला काप घेताना त्यांच्या मनात जी शांतता उतरायची, ती देवळात बसूनही रोज मिळेलच असं नव्हतं. त्या टेबलासाठी एक शब्द लिहायचा होता. दोनच अक्षरं. पण एकतीस वर्षं त्या उजव्या पानावर त्यांनी एकही वाकडं अक्षर लिहिलं नव्हतं. बाईंना फसवता येईल. पण वर जो बसलाय त्याला वही दाखवावी लागत नाही, तो आधीच वाचून बसलेला असतो.

सातव्या दिवशी संध्याकाळी मालक आपलं पान लिहून गेल्यावर त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. दिवसावार लिहिलं, कोणती गोष्ट कुणाकडून घेतली ते. टोमणा एकही नाही. शेवटी दोन वाक्यं: ‘पर्स हलकी आहे. माझा उजवा खांदा दुखतो.’

शुक्रवारी खरेदीवाल्या बाई आल्या. धिप्पाड, दोन फोन, आणि बोलण्यात पाल्हाळ नाही. केबिनमध्ये खुर्ची एकच, ती मालकांची. बाई त्यावर बसल्या. मालक उभे राहिले आणि बोलू लागले, आणि उभ्या माणसाचं बोलणं आटोपतं हा त्यांचा सिद्धांत त्यांच्यापुरता खोटा ठरला. ओझं, मोकळेपण, माणूस आणि वस्तू, सगळं झालं. बाईंनी पर्स उलटसुलट केली, शिवण नखानं चाचपली, आणि म्हणाल्या, “वही?”

मालकांनी ती काकूंच्या हातून घेऊन न उघडताच दिली. ‘ठीक’ लिहिलेलं असणार, त्यात काय बघायचं.

बाईंनी डावं पान वाचलं. मग उजवं. उजवं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. काकू दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात टेबलावरच्या हत्यारांची आवराआवर सुरू केली होती. रापी घरी न्यायची, ती स्वतःची होती. आरी कारखान्याची.

“हा उजवा खांदा कुणाचा?” बाईंनी विचारलं.

“माझा,” काकू म्हणाल्या.

मालकांनी वही ओढून घेतली, वाचायला लांब धरली, आणखी लांब धरली. हात सवयीनं काकूंच्या दिशेनं गेला आणि मध्येच थांबला. न वाचताही त्यांना बहुतेक कळलं असावं, कारण कान लाल झाले.

“काकू, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही मागत होता मालक. मागणाऱ्याला देताना कुणी बोलून दाखवतं का?”

बाईंनी आपल्या मांडीवरची चिमुकली लाल पर्स वर धरली. “माझीही अशीच आहे. बाकी सगळं ड्रायव्हरजवळ असतं. तीन वर्षं मला वाटतंय, मी सुधारले.” त्या जराशा हसल्या, पण धंदेवाल्या माणसाला पश्चात्तापही फार वेळ परवडत नाही. “ही पर्स खपेल. हलकं दिसायला सगळ्यांनाच आवडतं. चारशे घेते. पण ते जड कुठंतरी जाणारच ना? ते वाहणाऱ्यासाठी आजवर कुणी धड पिशवी केलेली नाही. ती मला हवी. त्याही चारशे.”

“माझी मूळ कल्पना तीच होती,” मालक म्हणाले. “जोडी.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “पण ती शिवणार या काकू. आणि त्या पिशवीला अशीच वही हवी, याच अक्षरातली. नसेल तर दोन्ही रद्द.”

मालकांनी मान डोलावली. काकूंच्या हातातली रापी, जी त्यांनी प्रत्यक्षात अजून उचललीही नव्हती, ती मनातल्या मनात जागेवर गेली.

सगळे नमुन्याच्या खोलीत आले. बाई कपाटांमधून आडव्या होऊन निघताना अडकल्या आणि चेनभाऊनं मालकांच्या त्यागाची दोन्ही कपाटं खांदा लावून भिंतीला सरकवली. काकूंनी पुठ्ठा पसरला. तळ किती रुंद, कप्पे किती, हे त्यांना विचारावं लागलंच नाही. पेन्सिल सरसर चालली. पट्ट्यापाशी येऊन थांबली.

“पट्टा किती धरायचा?” बाईंनी विचारलं.

“तो टेबलावर नाही ठरत. भरलेली पिशवी वाहणाऱ्याच्या खांद्याला लावून मापावा लागतो.”

“मग मापा.”

काकूंनी खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. बाटली भरलेली आहे याची खात्री केली, छत्री नीट आत ढकलली. उजव्या खांद्याकडे नेता नेता त्यांचा हात थांबला.

“मालक, इकडे या.”

मालक आले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर पट्टा टाकला आणि पिशवी सोडली. मालकांचा खांदा चार बोटं खाली गेला. त्यांनी तोल सावरला, काकूंकडे बघितलं.

“काकू, हे तुम्ही रोज?”

“सरळ उभे राहा,” काकू मोजपट्टी लावत म्हणाल्या. “वाकलात की माप चुकतं.”