तिसरा गर्डर

रणजीतजींनी त्या सकाळी आपलं ऐकलं नाही, याबद्दल नागनाथराव आजही त्यांचे आभार मानतात.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर नागनाथराव बार्शीला परतले नाहीत. शेवटची नेमणूक जयपूरलाच होती, मुलगी शर्वरीही इथेच नोकरीला लागली होती. आदर्श नगरात त्यांनी एक जुनं घर घेतलं. पत्नी तारामती शिवण शिकवायच्या; त्यांच्या वर्गासाठी वर एक खोली बांधायचं ठरलं.

भिंतींवर लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यांवर आडव्या दगडी पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे खालचं छत आणि वरची जमीन एकदमच होते. काम रणजीतजी नावाच्या वयस्कर मिस्त्रींकडे होतं. तीन गर्डर चढले, पण तिसरा नागनाथरावांना खुपू लागला. बाजूची जुनी भिंत मुळातच तिरकी होती, त्यामुळे गर्डर आणि भिंत यांच्यातली फट मागे रुंद होत गेलेली दिसायची. त्यांनी तो भिंतीला समांतर करायला सांगितला. गर्डर एकमेकांना समांतर हवेत, भिंतीचं तिरकेपण भिंतीपाशीच राहू द्या, असं रणजीतजींनी समजावून पाहिलं. नागनाथरावांना हुकूम सोडायची सवय. शेवटी गर्डर सरकला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या आल्या, सगळ्या एकाच लांबीच्या. रणजीतजींनी दुसऱ्या आणि तिसऱ्या गर्डरमधलं अंतर दोन्ही टोकांना टेपने मोजलं आणि मजुरांना बसायला सांगितलं. पट्ट्या ठेवणार नाही म्हणाले. नागनाथराव भडकले, दुसरा मिस्त्री आणतो म्हणाले.

रणजीतजींनी आवाज चढवला नाही. "जरूर आणा, साहब. आधी एकदा वर येऊन बघा."

नागनाथराव शिडीवर चढले. पुढच्या बाजूला ठेवून पाहिलेली पट्टी तिसऱ्या गर्डरवर चार बोटं टेकत होती. मागे जेमतेम एक बोट.

"खाली तुम्ही झोपणार, वर दहा पोरी बसणार," रणजीतजी म्हणाले. "माझ्या हातून हे होणार नाही."

तारामती खाली शिडी धरून उभ्या होत्या. "अहो, त्यांना त्यांचं काम करू द्या," एवढंच त्या बोलल्या.

नागनाथराव शिडीवरून वर गेले. मग गर्डर पुन्हा जागेवर न्यायला त्यांनी स्वतः खांदा दिला. भिंत चांगली जाड होती. तिच्यावर पट्ट्या कुठे चार बोटं टेकल्या, कुठे वीतभर, पण सगळ्या भक्कम बसल्या.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी नागनाथरावांनी रणजीतजींना जेवायला बोलावलं आणि स्वतः वाढलं. वाढता वाढता म्हणाले, "तुम्ही हो म्हणाला असता, तर माझी चूक मला कळलीसुद्धा नसती."

रणजीतजी संकोचले. सून जयंती वर्गाला आली तर चालेल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

सोमवारपासून जयंती येऊ लागली. पहिला पायजमा तिने सासऱ्यांसाठीच शिवला. एक पाय जरा आखूड झाला, तरी रणजीतजी तोच घालून कामावर जातात.