तेवीस क्रमांकाच्या दोन नळ्या

ज्याच्या हाती दुसऱ्याचा देह क्षणभर सोपवला जातो, त्याचे मन स्थिर असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण मन स्थिर करण्याचे काम आणि हातातले काम ही दोन्ही एकाच क्षणी करता येतात काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. येथे भली माणसेही चुकतात, आणि चांगल्या हेतूने चुकतात.

सोलापुरातील एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत वैदेही नावाची मुलगी दोन महिन्यांपूर्वी रुजू झाली होती. शुक्रवार पेठेत राहणारे निवृत्त संस्कृत शिक्षक वेणीमाधव हे तिचे वडील. तिला कायम करावयाचे की नाही, हे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ठरणार होते. पहिल्याच महिन्यात तिच्याकडून एका रुग्णाचे नाव चुकीचे लिहिले गेले होते. तेव्हा प्रयोगशाळेचे चालक डॉक्टर अभिमन्यू यांनी तिला स्पष्ट सांगितले होते, "आणखी एक चूक झाली, तर मला वेगळा विचार करावा लागेल."

सकाळी सात ते साडेनऊ ही तेथील कसोटीची वेळ. उपाशीपोटी आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत जाई, आणि उपाशी माणसाचा आवाज लवकर चढतो. वैदेहीचे हात कापू लागत. एकदा तिने हे घरी सांगितले. वेणीमाधव म्हणाले, "संध्येतली चोवीस नावं तुला लहानपणापासून पाठ आहेत. गर्दी अंगावर आली की मनातल्या मनात केशवापासून सुरू कर. काम चालू राहील आणि मनही ठिकाणावर येईल."

तसे घडलेही. पंधरा दिवसांत हातांचा कंप थांबला. वडिलांना केवढे समाधान वाटले!

तिच्या शेजारच्या खुर्चीवर गुरुबसप्पा बसत. सव्वीस वर्षे त्यांनी हेच काम केले होते. एक रुग्ण उठला की ते बेसिनपाशी जात, हात धुवत, खांद्यावरच्या छोट्या टॉवेलने एकेक बोट वेगळे पुसत, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत आणि मगच पुढच्याला हाक मारीत. प्रयोगशाळेत या प्रकाराला 'गुरुबसप्पांचं अभ्यंगस्नान' म्हणत.

"मामा, रांग जिन्यापर्यंत गेलीय," वैदेही म्हणे.

"जिना कुठं पळून जातोय काय, ताई?" गुरुबसप्पा उत्तर देत.

त्या मंगळवारी नावाच्या चिठ्ठ्या छापणारे यंत्र बंद पडले. म्हणून प्रत्येक नळीवर चिकटपट्टी लावून क्रमांक हाताने लिहावा लागत होता. नाव तेवढे यादीत. वैदेहीसमोर बजाबाई येऊन बसल्या. अकलूजकडच्या एका वस्तीवरून त्या भाचीकडे उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते, आणि साखरेचा अहवाल संध्याकाळपर्यंत हाती आला नाही तर ते पुढे ढकलू, असे नेत्रवैद्यांनी बजावले होते.

बजाबाईंची शीर काही केल्या सापडेना.

"आगं, माझी शीर माझ्या मालकावानी हाय," त्या म्हणाल्या. "कामाच्या वक्ताला दडूनच बसती."

रांगेतली माणसे हसली. वैदेहीला हसू आले नाही. मागून कोणीतरी 'किती वेळ?' म्हणत होते. तिने मनात केशवापासून नावे सुरू केली, ती मध्येच तुटली, पुन्हा सुरू केली. अखेर शीर सापडली. नळीवर तिने तेवीस लिहिले. बजाबाईंच्या मागोमाग अक्कलकोटकडच्या मायाक्का बसल्या. त्यांचे रक्त सहज निघाले.

साडेनऊला रांग संपली. वैदेही यादी घेऊन नळ्या जुळवू लागली. तेवीस क्रमांकाची नळी होती. तिच्यानंतर दोन नळ्या सोडून तेवीस क्रमांकाची आणखी एक नळी होती. चोवीस कोठेच नव्हते.

तुटलेली नावे मनात जुळवण्याच्या नादात मायाक्कांच्या नळीवरही हाताने तेवीसच लिहिले होते. प्रत्येक नळी हलवून परत ठेवताना तिची मूळ जागाही बदलली होती. पहिली नळी बजाबाईंची असावी, असे तिला वाटत होते. खात्री मात्र नव्हती. एका आकड्यावर पेन फिरवले असते, तर ही गोष्ट कोणालाही कळली नसती.

तिने दाराबाहेर पाहिले. जेवणानंतर दोन तासांनी दुसऱ्यांदा रक्त द्यावयाचे असल्याने दोघी बायका व्हरांड्यातल्या बाकावर थांबल्या होत्या. एवढ्यात त्यांची मैत्रीही जमली होती. बजाबाईंनी फडके सोडले होते. भाकरी, शेंगाची चटणी. मायाक्कांच्या हातावर त्या अर्धी भाकरी ठेवत होत्या. एक घास पोटात गेला असता, तर उपाशीपोटीचे रक्त आज पुन्हा घेता आले नसते.

वैदेही धावत बाहेर गेली आणि तिने बजाबाईंचे मनगट धरले.

"आजी, खाऊ नका!"

"का गं? ईख हाय का काय चटणीत?"

"माझी चूक झालीय. तुमच्या दोघींच्या नळ्यांवर मी एकच नंबर लिहिला. कोणतं रक्त कोणाचं, मला सांगता येत नाही. पुन्हा घ्यावं लागेल. मला क्षमा करा."

मायाक्कांनी हातातली भाकरी निमूटपणे फडक्यावर परत ठेवली. बजाबाई मात्र खवळल्या.

"तासभर टोचलंस की मला! चाळण केली हाताची. आन आता पुन्यांदा?"

"होय, आजी."

"न्हाय सांगितलं असतंस तर?"

"तर मायाक्कांची साखर तुमच्या नावावर लागली असती कदाचित."

बजाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. पांढुरक्या पडद्यामागून त्यांना कितपत दिसत होते कोण जाणे. मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. "ह्यो घे. त्यो बिचारा दमलाय."

आत येताच गुरुबसप्पांनी वैदेहीला बेसिनपाशी थांबवले. "आधी हात धुवा."

"मामा, त्या उपाशी आहेत."

"अर्ध्या मिनिटानं त्या मरत नाहीत. बोटं मोजू नका, मनात काही म्हणू नका; रोज ओठ हलताना दिसतात तुमचे. पाण्याकडं बघा. झालं? आता फक्त त्यांची शीर."

पहिल्याच प्रयत्नात शीर सापडली. दोन्ही नळ्यांवर तिने क्रमांकाखाली पूर्ण नावे लिहिली.

मग ती स्वतः डॉक्टर अभिमन्यूंकडे गेली. त्यांचा चेहरा कठीण झाला. "मी काय म्हणालो होतो, आठवतंय ना?"

"हो, सर."

"या महिनाअखेरीस तुम्हाला कायम करता येणार नाही. आणखी तीन महिने गुरुबसप्पांच्या हाताखाली काम करा. मग पाहू. आणि त्या आजींचा अहवाल सगळ्यांत आधी लावा. मी स्वतः तपासतो."

दुपारी तीन वाजता अहवाल बजाबाईंच्या हाती पडला. साखर ऑपरेशनला चालेल इतकीच होती.

घरी आल्यावर वैदेहीने काही न लपवता सारे सांगितले. वेणीमाधव ऐकत राहिले. मग ते म्हणाले, "चूक तुझ्या एकटीची नाही. संध्या करताना मी कधी भाजी निवडली नाही. मला ते अनादराचं वाटलं असतं. आणि तुला मात्र रक्त काढता काढता नावं घ्यायला सांगून बसलो. नावाचाही मान राहिला नाही, आजींच्या हाताचाही."

"बाबा, असं नका म्हणू."

"म्हणू दे. शिक्षकाला हे म्हणायची संधी फार क्वचित मिळते." ते किंचित हसले. "त्या गुरुबसप्पांना एकदा जेवायला बोलाव. त्यांच्याकडून मलाही थोडं शिकायचंय."

बजाबाईंच्या डोळ्यांना पुन्हा निर्मळ प्रकाश लाभो. मायाक्कांची प्रकृती सुखरूप राहो. आणि जी मुलगी आपले हित बाजूला ठेवून त्या बाकापर्यंत धावली, तिच्या हातांना स्थैर्य आणि मनाला विसावा, ज्याचा त्याचा क्षण राखून, सदैव मिळत राहो.