स्पर्धा नसलेला कोपरा

स्वतःच्या पैशावर स्टार्टअप काढायचा तर बाजाराचा एकच छोटा कोपरा धरायचा, असं नवऱ्यानं कुठंतरी ऐकलं होतं. त्या कोपऱ्याला तो ‘निश’ म्हणायचा, तेही डोळे मिटून. वर्षभर स्वारी निशच शोधत होती. शिंपी? अडाणी. न्हावी? कटकटे. दातांचे डॉक्टर? चिक्कू. ज्यांच्या जिवावर पोट भरायचं, त्या एकेकाला नावं ठेवून झाली. घर चालायचं बायकोच्या पगारावर, म्हणून फक्त तिला नावं ठेवायची त्याची टाप नव्हती.

शेवटी गाडी कानाच्या मशीनवर थांबली. त्याच्या आत्याचं त्याच मशीनचं दुकान होतं.

“एकही स्पर्धक नाही!” तो नाचतच घरी आला. “मशीन साफ करायची वेळ झाली की गिऱ्हाइकाला आपोआप फोन जाणार. आवाज तुझा. तू नोकरी सोड, भागीदार हो.”

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती आणि तिला ते काम मनापासून आवडायचं. तरी तिथल्या साहेबांना तिनं सांगितलं, संध्याकाळी कळवते. आत्याच्या दुकानात नवऱ्याला हे काम चालवून दाखवता आलं तर राजीनामा, नाहीतर नाही.

आत्यानं शब्द टाकून याच धंद्यातले ओळखीचे चार दुकानदार बोलावले होते. बायको दाराशी उभी होती, समोर एक आजोबा बसले होते. त्यांचं मशीन काढून आत्या काउंटरवर साफ करत होती.

नवऱ्यानं ऐटीत लॅपटॉपवरचं बटण दाबलं. आजोबांच्या खिशात फोन वाजला, वाजत राहिला, गप्प झाला. आजोबा निवांत पंख्याकडे बघत होते.

त्यानं पुन्हा दाबलं. “अहो, फोन घ्या ना!” तो खेकसला. आजोबा गोड हसले.

एका दुकानदारानं तोंडाला रुमाल लावला.

“अरे शहाण्या,” आत्या म्हणाली, “ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फोन? एकदा तरी दुकानात येऊन बसायचंस!”

जाऊ दे, चुकतं माणसाचं, असं बायकोच्या मनात आलंही. शिकेल बिचारा. तेवढ्यात नवरा आत्यावरच उखडला, “तू आधी सांगायला नको? आणि हे गिऱ्हाईक आपल्या लायकीचंच नाही. म्हातारे कुठले!”

आत्याचा चेहरा पडला. चार लोकांत तिनं आपला शब्द खर्च केला होता. बायकोला मात्र नवऱ्याची शिसारी आली. तिनं सगळ्यांदेखत साहेबांना फोन लावला.

“सर, उद्या येतेय. हो, नेहमीसारखीच. राजीनामा नाही.”

“अगं, काय हे!” नवरा दात-ओठ खात कुजबुजला. “दुसरा निश शोधतो ना मी. तुझा माझ्यावर विश्वासच नाही!”

“आहे की,” ती पर्स उचलत म्हणाली. “तिथल्या गिऱ्हाइकांनाही तू नावंच ठेवशील, यावर पक्का विश्वास आहे.”