लोहारणीचं पोट

आत्या कपडे शिवायची आणि तिची भाची चित्रं काढायची. भाचीला सगळे पेन्सिल म्हणत. शाळेत अंगकाठीवरून पडलेलं नाव इतकं चिकटलं की घरात आईसुद्धा त्याच नावाने हाक मारी. दिवसभर ती छापखान्यात साबणाच्या खोक्यांवरची फुलं काढायची आणि संध्याकाळी आत्याच्या दुकानात, बटणांच्या डब्यांशेजारी स्टुलावर बसून आपल्या मनासारखं काढायची.

मनासारखं म्हणजे लोहारीण. एका कार्टून मालिकेची ही नायिका. दोन्ही हातांनी घण फिरवायची, राजाच्या तोंडावर राजाला मूर्ख म्हणायची, पायऱ्या चढताना धापा टाकायची आणि तरी गडावर सगळ्यांच्या आधी पोचायची. मालिकेत ती चांगली जाडजूड होती. चाहते हौसेने तिची चित्रं काढून इंटरनेटवर टाकत, त्यांत मात्र ती मोठ्या आजारातून उठल्यासारखी दिसे. पेन्सिलच्या चित्रात निदान गाल गुबगुबीत होते. मानेखाली मात्र कंबर अशी, की मुठीत मावावी. अकरा हजार लोकांना ते चित्र आवडलं होतं.

एका संध्याकाळी दुकानात एक नवीन गिऱ्हाईक आलं. पोस्टात खिडकीवर बसणारी बाई, चाळिशीची, ऐसपैस बांध्याची. दारातून आत येताना तिने सवयीने अंग चोरलं, खरं तर दार चांगलं रुंद होतं.

"मला असा पोशाख शिवायचाय," तिने फोन पुढे केला. "पुढच्या महिन्यात चाहत्यांचा मेळावा आहे. मी लोहारीण होऊन जाणारेय."

आत्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. फोन जवळ धरला, मग लांब धरला.

"ही बाई जेवलेलं ठेवते कुठे?"

"म्हणजे?"

"इथं छाती संपली, इथं लगेच कंबर. मधे पोट नाही की काही नाही. ही जोरात शिंकली तर दोन तुकडे होतील हिचे."

पोस्टातली बाई खळखळून हसली. "सगळे असंच काढतात हो. त्यातल्या त्यात हे बरं, गाल तरी ठेवलेत. माझ्या फोनच्या पडद्यावर दोन वर्षं हेच चित्र आहे. फक्त गळ्यापर्यंत कापून लावलंय."

"कापून का?"

"खालची बाई माझ्या ओळखीची नाही."

कोपऱ्यात पेन्सिलचे कान तापले. ती उगाचच पांढरी बटणं काळ्या बटणांतून वेगळी करू लागली. ती आधीच वेगळी होती.

"काढणाऱ्याची छाती झाली नाही," आत्या रंगात आली. "गाल काढले आणि पळाला भित्रा!"

"पळाली," बाईने दुरुस्ती केली. "खाली सही आहे. पेन्सिल."

आत्याने फोन टेबलावर ठेवला. तिने सावकाश मान वळवली.

"पेन्सिल," ती गोड आवाजात म्हणाली, "टेप आण गं जरा."

पोस्टातल्या बाईने आधी स्टुलाकडे पाहिलं, मग फोनकडे. "अगंबाई! तुम्हीच?"

"मीच," पेन्सिल बटणांना सांगितल्यासारखं म्हणाली. "सॉरी."

"सॉरी काय! मी तुमची फॅन आहे. म्हणजे... गळ्यापर्यंत."

त्या दिवशी माप घ्यायचं काम आत्याने पेन्सिलवर टाकलं. शेकडो बायका तिने काढल्या होत्या, पण एका जिवंत बाईभोवती टेप गुंडाळायची ही पहिलीच वेळ. तिने टेप धरला आणि करकचून ओढला.

"ओढू नकोस," आत्या खेकसली. "माप घ्यायचंय, वजन उतरवायचं नाहीये. आणि बाई, तुम्ही श्वास सोडा. मेळाव्यात काय दिवसभर पोट आत घेऊन हिंडणार आहात?"

बाईने श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं. पेन्सिलने आकडा वाचला आणि वहीत लिहिला. एवढ्याशा गोष्टीला आपण का घाबरलो, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून तिने लोहारीण नव्याने काढायला घेतली. पहिलं चित्र आत्याला दाखवलं.

"ही बाई आहे का तीन फुगे? चरबीला वजन असतं गं. ती खाली येते, बाजूला सरते, बसलं की मांडीवर टेकते. हिला दोरा बांधला तर उडेल!"

दुसऱ्या चित्रात छाती भरदार झाली, नितंब भरदार झाले.

"वरचं वाढवलंस, खालचं वाढवलंस. मधल्याला हात लावायची भीती का? चावतं का ते?"

तिसऱ्या वेळी आत्यानेच मशीन बंद केलं. ती स्वतः पोस्टातल्या बाईच्याच बांध्याची होती. कोळशाची जुनी इस्त्री तिने घणासारखी खांद्यावर घेतली आणि एक पाय कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवून उभी राहिली. "काढ. आणि भराभर, हात दुखतोय."

पेन्सिल बघू लागली. ज्या आत्याच्या कडेवर ती लहानाची मोठी झाली, तिला तिने असं कधी पाहिलंच नव्हतं. दंड उचलल्यावर काखेपासून पाठीकडे गेलेली एक खोल वळी. मांडी वर येताच तिच्यावर आरामात विसावलेलं पोट. खाली बघताना हनुवटीखाली आलेली दुसरी हनुवटी, आणि मनगटावर, जिथे हात एवढा बारीक झाला होता, तिथे इस्त्री पेलणारी टणक शीर. तिचा हात थांबेना. इतक्या छान रेषा तिला कधी एकाच ठिकाणी सापडल्या नव्हत्या. पूर्वीच्या चित्रांत याच रेषा आपण खोडरबराने पुसत होतो, हे आठवून तिला लाज वाटली.

चित्र झाल्यावर मात्र तिला धाकधूक वाटू लागली. आत्याने कागद हातात घेतला, उजेडाला धरला आणि भुवया आवळल्या.

"लागलं का तुला?" पेन्सिलने हळूच विचारलं.

"लागणार नाही तर काय! नाक बघ. असलं भज्यासारखं नाक आहे का माझं?"

"आणि पोट?"

"पोट चांगलंय. पोटाला काय झालं?"

नाक बदलून चित्र इंटरनेटवर गेलं. बऱ्याच जणांनी ते डोक्यावर घेतलं, काहींनी नाकं मुरडली. एकाने लोहारणीच्या रक्तातल्या साखरेची चौकशी केली. सगळ्यात जास्त लागलं ते उस्तादचं म्हणणं. या चाहत्यांमध्ये त्याच्या चित्रांचा मोठा दबदबा होता. त्याने लिहिलं, 'शरीररचना चुकली आहे. असं पोट असलेली बाई घण उचलूच शकत नाही.'

पेन्सिलने ते रडवेल्या आवाजात वाचून दाखवलं.

"त्याला लिही," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली, "मेळाव्यात येऊन समोर उभा राहा. कोण काय उचलतं ते बघू."

पेन्सिलने शब्दन्‌शब्द तेच लिहिलं.

मेळाव्याच्या दिवशी पोस्टातली बाई जाड कापडाचा एप्रन, रुंद पट्टा आणि कोपरापर्यंत बाह्या घालून आली. पोशाख कुठेही काचत नव्हता, कुठेही लोंबत नव्हता. पेन्सिलचं चित्र मोठं छापून भिंतीला लावलं होतं. बाई त्याच्या शेजारी लाकडी घण घेऊन उभी राहिली. दहा मिनिटांत फोटोसाठी रांग लागली. दुपारी कुणाचा तरी लहान मुलगा दमून रडायला लागला, तेव्हा तिने एका हाताने त्याला उचललं, दुसऱ्या हातात घण होताच, आणि तशीच पुढच्या फोटोला उभी राहिली.

ते बघत एक पोक काढलेला तरुण बाजूला उभा होता. गळ्यातल्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, 'उस्ताद'.

पेन्सिलबरोबर टेबलामागे बसलेल्या आत्याने बिल्ला वाचला. "तुम्हीच का ते? या, बसा. घण उचलता येतो का, विचारायचं होतं ना तुम्हाला?"

उस्तादने मान खाली घातली. "मी जाड बाई समोर बसवून कधी काढलीच नाही."

"मग काय बघून काढता?"

"बाकीच्यांची चित्रं."

"आणि बाकीचे?"

त्याने गळ्यातला बिल्ला उलटा केला. "माझी."

आत्या इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं. मग तिने त्याला दुकानाचा पत्ता दिला.

पुढच्या रविवारी दुकानात उस्तादसह चौघं कागद घेऊन बसली. पोस्टातली बाई समोर, बूट काढून, खुर्चीत मागे रेलून बसली होती. तिने आधीच बजावलं होतं, "मी उभीबिभी राहणार नाही. आठवडाभर त्या खिडकीवर ताठ बसते, आज पसरून बसणार." तिच्या कमरेवर दोन वळ्या पडल्या होत्या आणि ती त्या झाकत नव्हती. पेन्सिल तिच्या पायांजवळ बसून भराभर काढत होती.

आत्या चहाचे कप घेऊन सगळ्यांच्या मागून फिरली आणि उस्तादच्या खांद्यावरून वाकली.

"दंड निम्माच काढलाय."

"कागद संपला," तो म्हणाला.

"मग मोठा घे," म्हणत आत्याने कपाटातून कटिंगच्या खाकी कागदाची गुंडाळी काढली आणि त्याच्यासमोर जमिनीवर उलगडून दिली.