दहावं अंजीर

पदायाच्या गच्चीवर त्या वर्षी अंजिरं मस्त वाळली होती. त्याची सात वर्षांची मुलगी तिरसा आई हमुतलशेजारी मांडी घालून मोजायला बसायची. नऊ अंजिरं टोपलीत आणि दहावं रांजणात. टोपली घरची, रांजण देवाचा. तिसरं वर्ष होतं. तिसऱ्या वर्षीचा दशमांश दूर मंदिरात न्यायचा नसतो, गावच्या वेशीतच ठेवायचा असतो. देवाची सेवा करणाऱ्या लेव्यांना जमीन नाही, परक्याला गोत नाही, विधवेला आणि पोरक्या मुलांना कुणी नाही. तो वाटा त्यांचा.

"आजी म्हणते, आपला पूर्वज याकोब उशाला दगड घेऊन झोपला आणि उठून देवाला दहावा वाटा कबूल केला," तिरसा म्हणाली. "त्याला अंजिरं आवडायची का गं?"

"मोज नीट," हमुतल म्हणाली.

"सात, आठ, नऊ. आई, एकदा दहावं मला दे ना. एकदाच." आणि तिचा हात रांजणाकडे गेला.

हमुतलने फटकन हातावर मारलं. "तो आपला वाटा नाही. शिवायचंसुद्धा नाही."

पोर रडली नाही. आईकडे बघत राहिली, मग ते अंजीर रांजणात टाकून पुन्हा एकपासून मोजू लागली. द्राक्षं खुडायच्या आठवड्यात तिला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. मळ्याच्या वरच्या अंगाला खडकात कोरलेली घराण्याची गुहा होती, तिथे तिला आजोबांच्या कडेला निजवलं आणि तोंडाशी धोंडा लावला. पदायाने धोंड्याला खांदा दिला, हात झटकले आणि त्यानंतर मुलीचं नाव घरात काढलं नाही.

सुतकाचे सात दिवस संपले, हमुतल पुन्हा जात्यावर बसली. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. जात्याच्या घरघरीखाली तिला काहीतरी ऐकू आलं. तिने खुंटा सोडला.

गच्चीवर कुणीतरी मोजत होतं. एक, दोन, तीन. सावकाश, बोट लावून मोजावं तसं. नऊपर्यंत आवाज आला आणि थांबला. हमुतल श्वास धरून बसली. दहा काही येईना. मग पुन्हा एक.

ती धावत वर गेली. चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. गच्ची कोरडी ठणठणीत.

"काय गं, दिवसातून दहादा पायऱ्या चढतेस?" खालून सासू सेरह ओरडली. "गुडघे काय उसने आणलेत?"

"पाखरं बसली होती, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पीठ मळताना, पाणी भरून येताना, ओव्याच्या काड्या झोडताना. नऊ, आणि मग ती पोकळी. हमुतलला त्या नऊपेक्षा नंतरच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची. कुणीतरी हात पुढे करून उभं आहे आणि ती देत नाहीये, असं वाटायचं.

पाचव्या दिवशी सासू शेजारी गेलेली बघून तिने देवाच्या रांजणाचं झाकण काढलं. घरची टोपली उघडी समोर होती. पण टोपलीतलं अंजीर त्या पोरीने कधी मागितलंच नव्हतं. हमुतलने रांजणातलं एक घेतलं, पदराखाली धरून मळ्यात गेली आणि गुहेच्या तोंडाशी, धोंड्याच्या फटीत, एका लहान वाडग्यात ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "घे गं बाई. तुझंच."

त्या दिवशी घर शांत होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर वाडगं रिकामं. ती घरी परतली, जात्यावर बसली आणि गच्चीवरून आवाज आला, एक.

मग ती रोज जाऊ लागली. सगळे मिळून पंचवीस दिवस, पंचवीस अंजिरं. वाडगं रोज रिकामं मिळायचं आणि मोजणी रोज नव्याने सुरू व्हायची, आधीपेक्षा घाईघाईने. शेवटी जैतून झोडायचे दिवस आले, घर कामाला लागलं आणि तिचं जाणं सुटलं. देवाच्या वाट्यातलं काही काढून घेतलं तर तेवढं भरून पाचवा हिस्सा वर घालावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने घरच्या टोपलीतली तीस अंजिरं मोजून रांजणात टाकली. रांजण भरला. आता कुणाचं काही बाकी नाही, असं तिने मनाला सांगितलं.

वेशीवर जायच्या आदल्या संध्याकाळी पदाया अंगणात जू दुरुस्त करता करता शब्द घोकत होता. दशमांश नुसता ठेवून येता येत नाही. घरधन्याने परमेश्वरासमोर उभं राहून तो शुद्ध असल्याचं बोलावं लागतं, शब्द न चुकवता. सेरह आठवण करून देत होती.

"शोकाच्या दिवसांत मी त्यातलं खाल्लं नाही," पदाया म्हणाला.

"पुढे?"

"विटाळात असताना त्यातलं काही काढलं नाही. आणि..." तो वादी आवळत थांबला.

"आणि मृताला त्यातलं काही दिलं नाही," सेरह म्हणाली. "तीन वर्षांतून एकदा म्हणायचं, तेही विसरतोस. तुझा बाप झोपेत म्हणायचा."

"मृताला त्यातलं काही दिलं नाही," पदाया म्हणाला.

हमुतलचा हात कणकेत तसाच राहिला. खाल्लेलं भरून देता येतं, काढलेलं परत ठेवता येतं. पण उद्या हा माणूस वर आकाशाकडे तोंड करून जे बोलणार ते खोटं असणार होतं, आणि ते खोटं त्याला ठाऊकही नसणार. तो साधा, अबोल माणूस होता. देवापुढे एक शब्द कमीजास्त करायला घाबरायचा.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

त्याने मान वर केली. मुलगी गेल्यापासून त्याचे डोळे खोल गेले होते. "मीठ संपलंय," ती म्हणाली.

सकाळी वेशीत गर्दी जमली. गव्हाची पोती, तेलाचे बुधले, अंजिरांचे रांजण ओळीने मांडलेले. विधवा अटारा पहाटेपासून पहिल्या धोंड्यावर ठाण मांडून बसली होती.

"मत्तन्या, ही झोळी आहे की तंबू?" तिने लेव्याला विचारलं. "आमच्यासाठी चार दाणे राहू दे हो."

"तुझ्या जिभेला वाटा असता ना अटारा, तर सगळा तूच नेला असतास," म्हातारा मत्तन्या हसून म्हणाला, आणि त्याने पदायाला खूण केली.

पदाया पुढे झाला, तोंड वर केलं. "पवित्र वाटा मी घरातून काढला आहे. लेव्याला, परक्याला, पोरक्याला, विधवेला दिला आहे. शोकाच्या दिवसांत मी त्यातलं खाल्लं नाही. विटाळात असताना..."

"थांबा," हमुतल म्हणाली.

बायका वळून बघू लागल्या. सेरहने तिचा दंड धरला. "वेड लागलंय का? मधे बोलतेस?"

"पुढचं म्हणू नका. मी दिलंय." तिचा आवाज अगदी बारीक होता, तरी वेशीत सगळ्यांना ऐकू गेला. "रांजणातलं. गुहेपाशी नेऊन."

पदायाने वर केलेलं तोंड खाली आणलं. मत्तन्या जवळ आला. "कुणाला, बाई?"

"तिरसाला. तिने मागितलं होतं, मी हातावर मारलं. आठ दिवसांत गेली ती. नंतर रोज मोजायची, नऊपर्यंत. मी काय करणार होते?"

कुणी हसलं नाही. अटाराने पदर तोंडावर घेतला.

मत्तन्याने काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "आपले वाडवडील मिसर देशात गुलामीत विटा थापायचे," तो म्हणाला. "तिथे मेलेल्यांची कोठारं भरलेली असायची आणि जिवंत माणूस उपाशी. म्हणून हे वाक्य आपल्याला दिलंय. जिवंताचा घास जिवंतालाच." तो पदायाकडे वळला. "धान्य इथेच राहू दे. अटाराची चूल तुझ्या शब्दांसाठी थांबत नाही. रांजण मात्र परत ने. आणि यंदा तू काही बोलू नकोस. 'स्वर्गातून खाली बघ, आमच्या जमिनीला आशीर्वाद दे,' ही शेवटची विनंतीही नाही. खोट्या शब्दावर आशीर्वाद मागण्यापेक्षा न मागितलेला बरा."

"एक वर्ष?" सेरहने विचारलं. "जमिनीला?"

"पुढच्या तिसऱ्या वर्षापर्यंत." मग तो हमुतलकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "आता तिला काही न्यायचं नाही, पोरी."

"आणि तिने मागितलं तर?"

मत्तन्याने काठी उचलली. त्याला सगळे नियम पाठ होते. त्याने पुढच्या घराला हाक मारली.

एकेक घरधनी पुढे येत होता, शब्द बोलत होता. शेवटच्या विनंतीला सारा गाव आमेन म्हणायचा. पदाया आणि हमुतल भिंतीकडेला ओठ मिटून उभे होते. सेरह मात्र आमेन म्हणत होती, प्रत्येकाला, मोठ्याने, जणू त्यातलं थोडं आपल्या मळ्यावर सांडेल.

परतताना ती शेजारणींबरोबर पुढे निघून गेली. पदायाने रांजण खांद्यावर घेतला होता. हमुतल चार पावलं मागून चालत होती. तो ओरडेल, हात उगारेल, असं तिला वाटत होतं. चढण लागली तरी तो चालतच राहिला. मळ्याचा बांध दिसू लागला तेव्हा त्याने रांजण उतरवून ठेवला. तिच्याकडे पाठ करूनच उभा राहिला.

"खायची का ती?" त्याने विचारलं.

हमुतलला आधी कळलंच नाही. मग तिने रांजणाच्या काठावर हात टेकला.

"रोज रिकामं असायचं," ती म्हणाली. "कोल्हे नेत असतील. पाखरं असतील."

"ते नाही विचारलं मी."

वारा पडला होता. वरच्या अंगाला तो धोंडा उन्हात पांढरा दिसत होता, आणि दोघंही तिकडे बघत नव्हते.

"हो," हमुतल म्हणाली. "खायची."

"पोट भरायचं तिचं?"

आजच्या दिवशी खोटं नको म्हणून तिने सकाळपासून एवढं सोसलं होतं. ती त्याच्या जवळ गेली, त्याच्या बाहीला धरलं.

"नाही," ती म्हणाली.