खालते

ती मशीन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर मुख्तारला जरा बरं वाटलं. जराच. कारण हवा पुन्हा सोडली तरी सळई दगडात अडकली होती ती अडकलीच, आणि नळीच्या सांध्यावर हात धरला तर सगळी हवा तिथूनच निसटून तळव्याला लागत होती. सकाळपासून हाच खेळ चालला होता.

“लखीराम! सांध्याचं वायसर आण!”

लखीराम काहीतरी पुटपुटला. तो मुख्तारच्या हाताखाली होता, पण वयानं मोठा आणि चार लेकरांचा बाप. एवढ्या वयाच्या माणसाला साधं तोंड उघडून बोलता येऊ नये, याचा मुख्तारला संताप यायचा. अलीकडे सगळेच असे बोलायला लागले होते. चहावाला, मुकादम, नमाजाला शेजारी बसणारा, सगळे तोंडातल्या तोंडात.

“जोरानं बोल ना बाप्पा! दगडासंग बोलून राह्यला का माह्यासंग?”

“वायसर संपले म्हनतो मी!” लखीराम ओरडला. “तीनदा सांगतलं!”

वणीकडच्या त्या कोळसा खाणीत एकसष्ट साली हा बोगदा चालला होता. जुनी खाण एका बाजूला, नवी दुसऱ्या बाजूला, आणि मधे दगडाची भिंत. ती फोडली की जुन्या खाणीतले रूळ थेट नव्या खाणीत यायचे आणि कोळशाचे डबे जमिनीखालूनच ओढत बाहेर काढता यायचे. कागदावर ही रेघ फार देखणी दिसत होती. नव्या बाजूनं मुख्तार हवेच्या मशीननं दगडात भोकं पाडायचा आणि मग ती भोकं बारुदीनं उडवायची. मशीन मालकानं कुठूनतरी जुनी उचलून आणलेली. तिचे रुसवेफुगवे आर्णीच्या ह्या मिस्त्रीशिवाय कोणाला काढता येत नव्हते.

जुन्या बाजूला उकंडाची टोळी होती. कळंबकडची विहिरी खोदणारी माणसं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, मग गावानं त्यांना सोडलं, आणि ठेकेदारानं त्यांना इथं आणलं. घण, छिन्नी आणि पहार, एवढ्यावर ती माणसं मशीनच्या तोडीचं अंतर कापत होती. पाळी सुटली की उकंडा आणि मुख्तार वर चहाच्या टपरीवर बसायचे आणि एकमेकांची थट्टा करायचे. “तुही बायको रुसली का आजबी?” असं उकंडा मशीनबद्दल विचारायचा.

पण त्या पंधरवड्यात मुख्तारला थट्टा सोसत नव्हती, तो टपरीवर जाईनासा झाला होता. त्याच्या लेकीचा, रौशनचा निकाह येऊन ठेपला होता.

ईदेला तो घरी आर्णीला गेला होता, तेव्हा पोरीनं त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. तिच्या चुलत बहिणीच्या निकाहात दुसरेच कोणी बुजुर्ग वकील म्हणून पडद्याआड आले होते, नवरीची कबुली विचारायला. ती बिचारी इतकी भेदरली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी कोणा मावशीनंच मागून “हूं” केलं, आणि झाला निकाह.

“अब्बा, मले तुमीच इचारजा,” रौशन म्हणाली होती. “दुसरं कोनी आलं तर मी बोलनार नाई. आन् माह्या वतीनं कोनी हूं केलं, तर मी उठून उभी राहीन. मंग म्हनसान का पोरीनं नाक कापलं.”

“काय जीभ आहे पोरीची!” तिची आई मलिका आतून ओरडली. “तुमीच डोक्यावर चढवून ठेवली!”

चढवली होतीच. मुख्तारनं हसून शब्द दिला. तीच विचारेल आणि तोच ऐकेल, दुसरं कोणी मधे येणार नाही. म्हणजे विचारणार तो आणि सांगणार ती, पण आनंदात त्यानं असं उलटसुलटच बोलून टाकलं आणि पोरगी हसत सुटली.

आणि इथं सुट्टी मागायला गेलं तर घनश्यामबाबू, खाणीतले देखरेखीचे साहेब, मान वर करायला तयार नव्हते.

“भोक पडलं की सुट्टी,” ते म्हणाले. “आरपार भोक पाड आणि त्याच दिवशी जा. लग्नाचा पानविडा मी आपल्या हातानं देईन तुला. पण त्याआधी नाही. ती मशीन दुसऱ्या कोणाला चालते का, सांग.”

चालत नव्हती. तेच तर डोकं फिरवत होतं. मशीन चांगली असती तर कोणीही चालवली असती आणि मुख्तार घरी मांडव घालत असता.

अंतर कमी उरलं तशी पलीकडच्या माणसांच्या काळजीनं बारूद बंद झाली. मोजमापवाला साहेब आजारी पडून नागपूरला गेलेला. उरलेलं अंतर ठोक्यांच्या अंदाजानं कापायचं ठरलं. पलीकडून उकंडानं घण मारायचा, अलीकडून यांनी कान लावायचा. मुख्तार कान लावत नसे, तळवा लावायचा. कानात त्या मशीनची किर्र घरी गेल्यावर, झोपतानासुद्धा चालूच असायची. दगडाचं मात्र हाताला बरोबर कळायचं. ठोका येत होता, पण समोरून नाही, वरच्या अंगानं.

खाणीत वर आणि खाली ह्यांचा अर्थ वेगळा असतो. कोळशाचा थर तिरपा उतरत जातो, म्हणून उताराच्या बाजूची भिंत ती खालची आणि चढाच्या बाजूची ती वरची. मुख्तारला इतक्या वर्षांत ही बोली अंगवळणी पडली होती. उकंडाची टोळी चढाच्या बाजूला सरकली होती, तिला उताराकडे घ्यायला हवं होतं. त्यानं मशीन चालू ठेवूनच लखीरामच्या कानाशी ओरडून सांगितलं, “उकंडाले सांग, खालते घे म्हना! खालते!”

लखीरामनं तोंड हलवून काहीतरी विचारलं.

“हो, हो!” मुख्तार म्हणाला. “जाय लवकर!”

पुढचे काही दिवस मशीन कधी नव्हे ती शहाण्यासारखी चालली. मुख्तार खुशीत येऊन लखीरामला आर्णीच्या जेवणाचं आमंत्रणही देऊन बसला. पण ठोके काही समोर येईनात. भिंतीला तळवा लावला की लांबून आल्यासारखे वाटायचे. मग आणखी मंद झाले. मग एक दिवस भिंतीत काहीच लागेना.

निकाहाचा शुक्रवार उद्यावर आलेला. मुख्तारनं मशीन बंद केली, टेकायला मागे सरकला आणि मटकन खाली बसला. बसल्याबरोबर ताडकन उठला. पुन्हा वाकून त्यानं जमिनीला हात लावला. ठोका तिथून येत होता. पायाखालून. दोन पावलं मागे जाऊन त्यानं हात लावला, तर तिथं आणखी जोरात.

“लखीराम, हे खाली काहून गेले?” त्याचा आवाज चिरकला. “हे तं आपल्या मागं चालले!”

त्यानं मशीन फिरवून सळई सरळ जमिनीत घातली. तिनं थोडी कुरकुर केली, मग दगड सुटला आणि सळई एकदम भसकन खाली गेली. ती बाहेर ओढली तशी भोकातून धूळ वर आली. लखीराम पालथा पडून भोकाला तोंड लावून बोलू लागला, मग कान लावून ऐकू लागला.

“काय म्हनते उकंडा?” मुख्तार ओरडला.

“म्हनते, डोकं फुटलं असतं!” लखीराम ओरडून सांगू लागला. “म्हनते, तुमीच तं खालते घ्या म्हनलं. पायऱ्या पाडत खालते उतरले ते लोक!”

मुख्तारनं कपाळावर हात मारला. विहीर खोदणाऱ्या माणसाला खालते म्हणजे खोल. दुसरं काय असणार! जन्मभर तो दुसऱ्या कुठल्या बाजूला गेलाच नव्हता.

“मंग तू काहून नाई सांगतलं त्यायले? खालते म्हंजे उताराकडं म्हनून!”

लखीराम उठून उभा राहिला. आता तोही चिडला होता, आणि तो चिडला की त्याचा आवाज मुख्तारलाही ऐकू यायचा.

“मी तुमाले इचारलं मिस्त्री! खोल का बाजूले, खोलच ना, असं इचारलं! तुमी हो हो म्हनले!”

मुख्तारला ते तोंड हलणं आठवलं. हो, हो म्हणणंही आठवलं. मग चहावाला आठवला, मुकादम आठवला, नमाजाला शेजारी बसणारा आठवला. एवढी सगळी माणसं एकदम तोंडातल्या तोंडात कशी बोलायला लागतील? हे इतकं साधं आपल्या डोक्यात येऊ नये, याचा त्याला स्वतःचाच राग आला, आणि रागाखाली भीती वाटली. मशीनला शिव्या देता येत होत्या. कानांना काय देणार?

घनश्यामबाबू कंदील घेऊन आले. बोगद्याकडे, भोकाकडे आणि मुख्तारकडे बघून त्यांचा चेहरा लाल झाला. मुख्तार त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

“भोक पडलं साहेब,” तो म्हणाला. “आरपार पडलं. सुट्टी द्या.”

साहेब ओरडले ते मात्र ऐकू आलं. “ह्याला भोक म्हणतात? उंदीर जाणार नाही ह्यातून! डबे कुठून नेऊ?”

खालून भोकातून उकंडा काही बोलत होता. लखीरामनं कान लावला आणि सांगितलं, की उकंडा म्हणतो, आता मशीन नाही चालायची इथं. वर चढत येणं हाताचं काम आहे आणि ते त्याची टोळी करील. मुख्तारभौनं पोरीच्या लग्नाला जावं, आणि येताना गोड काही आणलं नाही तर हे भोक तो बुजवून टाकील.

घनश्यामबाबू कंदील हलवत बोलू लागले, बराच वेळ, हळू आवाजात. त्यांचे ओठ काय म्हणत होते ते मुख्तारला कळलं नाही. त्यानं परत विचारलंही नाही.

“हो, हो,” असं म्हणून तो वरच्या वाटेला लागला.

शुक्रवारी दुपारी आर्णीच्या घरात पडद्याआड रौशन मान खाली घालून बसली होती. भोवती बायका दाटलेल्या. दोन साक्षीदारांना घेऊन मुख्तार आत गेला. बसच्या धुळीनं त्याचे केस अजून पांढरे होते. मलिकानं डोळ्यांनीच त्याला रागावून घेतलं.

“रौशन बेटी,” त्यानं विचारलं, आणि स्वतःचा आवाज केवढा मोठा निघतोय हे बायकांच्या दचकण्यावरून त्याला समजलं. “दिग्रसच्या रहमतसंग, ठरलेल्या मेहरवर तुह्या निकाहाची वकालत मी करून राह्यलो. तुले कबूल हाये का?”

ओढणी थोडी हलली. साक्षीदारांनी एकमेकांकडे बघून समाधानानं माना डोलावल्या. बायका हसल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. मुख्तारच्या कानात मात्र ती मशीन चालली होती, किर्र, तशीच.

“हो, हो,” त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

“मले ऐकू नाई आलं बेटी,” तो म्हणाला. “माहे कान गेले. एकडाव अजून सांग.”

मागून एक मावशी पुढं सरकली, तिच्या वतीनं बोलायला. रौशननं तिला हातानंच मागं सारलं. मग बापाचा तो काळा, भेगाळलेला हात तिनं ओढणीखाली घेतला, आपल्या माथ्यावर दाबून धरला, आणि पुन्हा एकदा बोलली.

तळव्याला ते बरोबर कळलं.

“कबूल म्हनली,” मुख्तार रडत ओरडला, आणि बाहेरच्या मांडवातसुद्धा ते ऐकू गेलं.