ह्यांनी घातलेलं तेल

"आगं, रोज न्हाऊ-माखू घालतीस, लेकरू हाय व्हय ते?" नणंद आक्काताई सोप्यातून ओरडल्या.

सुंदरीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कळशीतलं कढत पाणी ती छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीवर, सीटमागच्या लोखंडी पेटीवर, बेतानं ओतत होती. पौषातली पहाट, अंगणभर वाफ झालेली. आणि गंमत बघा, हे पाणीसुद्धा तिनं फडक्यानं गाळून मगच चुलीवर ठेवलेलं. जैनाच्या घरची बाई. पाणी माणसाला द्यायचं असो की लोखंडाला, गाळल्याशिवाय हाताला चैन पडायचं नाही.

मग ती वर चढली, इंजिन चालू केलं आणि लिफ्टचा दांडा ओढला. मागं जोडलेला, द्राक्षाला औषध मारायचा ब्लोअर जागचा हलेना. पंप नुसता कण्हत राहिला. बऱ्याच वेळानं ब्लोअर वीतभर वर आला आणि तिथंच अडून बसला.

"झालं. निघाली वरात," आक्काताई म्हणाल्या.

दुखणं काय आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लिफ्ट उचलणारं तेल त्या पेटीत असतं, आणि आत्ता आत होतं ते उन्हाळ्याचं जाड तेल, थंडीनं थिजलेलं; म्हणून हे रोजचं कढत पाणी. ट्रॅक्टर जुना, लिफ्टची रबरं झिजलेली. म्हणून सुंदरीचा नवरा जवाहर उन्हाळ्यात जाड तेल घालायचा, म्हणजे गळायचं नाही. दिवाळी झाली की ते काढून पातळ, म्हणजे थंडीत अडायचं नाही. तासगावच्या आसपास असा दोनदा तेल बदलणारा तो एकटाच. "जवाहरअण्णा ट्रॅक्टरला उन्हाळी-हिवाळी कापडं शिवतोय," म्हणून लोक हसायचे. जवाहरही हसायचा आणि तेल बदलायचाच.

यंदा एप्रिलच्या छाटणीला त्यानं जाड तेल घातलं. आषाढात छातीत कळ आली आणि माणूस गेला. दिवाळी आली नि गेली, तेल तसंच राहिलं.

सुंदरीनं ते बदलू दिलं नाही. कपडे देऊन झाले होते, चपला कुणीतरी नेल्या होत्या. हे तेल मात्र ह्यांनी स्वतःच्या हातानं ओतलेलं, आणि अजून रोज बागेत फिरतंय, काम करतंय. ते काढून ओतून द्यायचं म्हटलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कळलं नाही असं घरात कुणी नव्हतं.

पण बाग कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही. मणी हरभऱ्याएवढे झाले होते, आभाळ रोज भरून येत होतं, आणि अशा हवेत भुरी रोग घडांवर कधी पसरेल ते कळत नाही. औषध पडायला हवं ते सकाळी वारा उठायच्या आत, नाहीतर दुपार कलल्यावर वारा पडला की. पुण्याला नोकरीला असलेल्या सम्मेदनं आईला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, एक जरी फवारणी चुकली आणि भुरी आली, तर बाग भाऊसोकाकांना वाट्यानं देऊन टाकू. तू पुण्याला ये." भाऊसो शेजारचा बागायतदार. माणूस वाईट नव्हता, पण बाग एकदा वाट्यानं गेली की सुंदरी बांधावरची पाहुणी होणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या सकाळी वीतभर उचललेला ब्लोअर घेऊन ती बागेत गेली. पहिली ओळ संपली. टोकाला वळायचं तर ब्लोअर चांगला उचलावा लागतो. तिनं दांडा ओढला. ब्लोअर वर जायच्या ऐवजी धाडकन खाली बसला आणि औषधाचा पाइप दगडावर आपटून फुटला. निळं पाणी मातीत वाहून गेलं. बांधावर भाऊसो उभाच होता.

"वैनी, राहू द्या आता," तो हळूच म्हणाला. "मी येतो संध्याकाळी, बोलू."

घरी येऊन सुंदरी पायरीवर बसली. आक्काताई जवाहरची थोरली बहीण, नवऱ्यामागं माहेरीच राहिलेली. त्यांनी काही न विचारता फोन उचलला आणि गुंडा मिस्त्रीला बोलावलं. गुंडा आला तो पातळ तेलाचा डबा मोटारसायकलला बांधूनच.

"न्हाई बदलायचं," सुंदरी म्हणाली.

"वैनी, आवं, अण्णा असता तर दिवाळीलाच बदललं असतं की."

"व्हय. पण अण्णा न्हाई. म्हणून तर न्हाई बदलायचं."

गुंडानं डब्याची सोडलेली दोरी परत आवळली.

आक्काताई पुढं आल्या. "सुंदरे, माझा भाऊ त्या लोखंडाच्या पेटीत बसलाय व्हय गं? त्यो बागंत हाय. पंधरा वर्सं ह्यो माळ फोडला त्येनं, खडक काढलं. आन् तू तेल धरून बाग सोडाय निघालीस." बोलता बोलता म्हातारीचा आवाज चिरकला. "मला बी यीतीया आठवण. तुला एकटीलाच न्हाई."

सुंदरी उठली आणि म्हणाली, "गुंडाभाऊ, पाना द्या. बोल्ट मी सोडती."

गुंडानं आधी इंजिन थोडं चालवून तेल कोमट करून घेतलं, लिफ्ट खाली केली. सुंदरी ट्रॅक्टरखाली बसली, घमेलं सरकवलं आणि बोल्ट फिरवला. तेल आलं. तिला वाटलं होतं काळंभोर येईल, जवाहरच्या बोटांना असायचं तसं. आलं ते पांढुरकं, फेसाळ. घमेल्यात थेट दुधाचा चहा.

"हे काय वो?"

गुंडानं बोट बुडवून चोळलं. "पाणी शिरलंय वैनी."

"पाणी? कुठनं?"

गुंडानं पेटीच्या माथ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग उगाचच डब्याकडं. "ह्ये टोपण हाय न्हवं, त्येला हवा जायला बारीक भोक असतंय. वरनं पाणी पडलं की थोडं थोडं आत जातंय."

सुंदरीला आधी हसू आलं. ज्या तेलाला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता, ते रोज सकाळी तिनंच नासवलं होतं. गाळून, तापवून, जपून. ट्रॅक्टरखाली बसल्या जागी तिला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. गुंडा बिचारा लांब जाऊन मोटारसायकलचा आरसा पुसत बसला. आक्काताई जवळ आल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

"रड. आषाढापास्नं कोरडीच हिंडतीयास," त्या एवढंच म्हणाल्या.

रडून झाल्यावर काम झटपट झालं. गुंडानं आतली जाळी डिझेलनं धुतली, पेटी स्वच्छ केली, फुटका पाइप बदलला. नवं तेल मात्र सुंदरीनं ओतलं, नरसाळं धरून, सांडू न देता. तेल मोजायची पट्टी काढून दोनदा बघितलं.

"उन्हाळ्याला परत जाड घालायचं का?" गुंडानं विचारलं.

"घालायचं की. ह्यांची पद्धत मोडायची न्हाई. मला तवा आठवण करा, मी ओतती."

तिनं दांडा ओढला. ब्लोअर एका दमात वर गेला. खाली, वर, खाली, वर, कुठं कण्हणं नाही की अडणं नाही. आक्काताईंनी तोंडावर हात नेऊन "आगं बया!" म्हटलं.

दुपार कलता कलता सम्मेदचा फोन आला. "आई, भाऊसोकाका संध्याकाळी येणार आहेत म्हणे. काय सांगू त्यांना?"

"चहाला या म्हणावं. बागंचं बोलणं न्हाई. वारा पडलाय, मी औषध मारायला चालली."

गुंडा हत्यारं गोळा करत होता. सुंदरी म्हणाली, "पाना हातात हाय तवर एक काम करा. सीट पुढं घ्या. माझं पाय पुरत न्हाईत."

जवाहर ताडमाड उंच. सीट त्याच्या मापानं पार मागं घट्ट केलेली. आषाढापासून ती सीटच्या काठावर टेकून, पाय ताणून क्लच दाबत होती, आणि घरात ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बोल्ट गंजले होते. गुंडानं हातोडीचे दोन-चार टोले घातले तेव्हा सीट कुरकुरत पुढं सरकली.

सुंदरी बसली. पाठ टेकली. क्लच पायाखाली पुरा दाबला गेला. तिनं पदर खोचला आणि ट्रॅक्टर बागेकडं काढला.